शिवरामचा पाय

शिवरामने मागे वळून पाहिलं, तर त्याच्या पावलांशेजारून आणखी कुणाची तरी पावलं चालत आली होती.

थंड खोलीच्या फरशीवर मीठ भुरभुरावं तसा हिमाचा पातळ थर कायम असे. त्यावर शिवरामच्या बुटांचे ठसे उठले होते, रबरी तळाच्या आडव्या रेघांसकट. आणि त्यांच्या डाव्या बाजूला, हातभर अंतर राखून, अनवाणी पायांचे ठसे होते. दारापासून निघालेले, आइस्क्रीमच्या डब्यांच्या थप्पीला वळसा घालून थेट तो उभा होता तिथवर आलेले. शिवराम वाकला. डाव्या पायाला तीनच बोटं होती.

शून्याखाली वीस अंशात कुणी अनवाणी चार पावलं चाललं, तर तळव्याची साल फरशीला चिकटून राहील, हे शिवरामला पक्कं ठाऊक होतं. दोन तास भरायला अजून चाळीस मिनिटं होती. आठ वर्षांत त्याने वेळेआधी एकदाही दार वाजवलं नव्हतं, म्हणून आजही वाजवलं नाही. भिंतीला पाठ लावून तो उभा राहिला आणि खाली न बघायची खटपट करत राहिला. न बघायचं ठरवलं की डोळे तिकडेच जातात, तसे ते जात होते.

आता उल्हासनगरात, जुलैच्या चिकट हवेत, एक भला माणूस दोन स्वेटर, कानटोपी आणि घोंगडी अशा थाटात, गुडघ्यापर्यंत बूट चढवून आइस्क्रीमच्या कोठारात काय करत होता, हे सांगायला हवं.

अंबरनाथला मोरिवलीच्या अंगाला गोपीशेठचा बुटांचा कारखाना होता. कारखाना म्हणजे पत्र्याची लांबलचक शेड आणि चाळीस माणसं. तिथे बर्फात घालायचे बूट बनत. बाहेरून जाड चामडं, आतून लोकरीचा बोटभर जाड नमदा, खाली टायरसारखं रबर. दिल्लीचा एक व्यापारी सगळा माल उचलायचा. त्यातले थोडे हौसेने बर्फात भटकायला जाणाऱ्यांच्या पायात जात, पण बरेचसे जात ते डोंगरातल्या रस्त्यांवरचा बर्फ उपसणाऱ्या मजुरांच्या पायात. बनवणाऱ्या चाळीस जणांपैकी एकानेही गोळेवाल्याच्या गाडीपलीकडचा बर्फ पाहिलेला नव्हता. मे महिन्यात पत्रा तापला की बायका पदराने वारा घेत नमदा कापत आणि म्हणत, हे घालणारा माणूस असतो तरी कसा.

बूट खरंच ऊब धरतात की नाही हे बघायला शेठने एक रीत घातली होती. प्रत्येक लॉटमधला एक जोड काढायचा, उल्हासनगरच्या चार नंबर कॅम्पात शेठच्या ओळखीच्या आइस्क्रीमवाल्याची थंड खोली होती तिथे न्यायचा, आणि एका माणसाने तो घालून आत दोन तास काढायचे. दर पाव तासाने दहा फेऱ्या मारायच्या, बाकी वेळ उभं राहायचं. मोज्यात अंगठ्याला लागून एक तार असे, ती हातातल्या घड्याळासारख्या तबकडीला जोडलेली. दोन तासांनी काटा पंधरा अंशांच्या वर असला तर लॉट पास. नमुन्याचा जोड आठ नंबरचा असे आणि शिवराम पगारेचा पाय नेमका आठ नंबरचा होता. त्याची निवड एवढ्यावरच झाली होती.

पण माणूस आपल्या कामात जीव ओततो तेव्हा त्याची एक वेगळीच शान होते. वर्ष-दोन वर्षांत शिवरामचा पाय तबकडीच्या पुढे गेला. तो आधी आकडा बोलायचा आणि मग काटा बघायचा. सतरा म्हटलं की सतरा, फार तर अर्ध्याचा फरक. पंच्याऐंशी साली काटा सोळावर असताना तो म्हणाला होता की उजव्या टाचेखाली काहीतरी कमी आहे. शेठने बूट फाडला, तर टाचेखालचा तुकडा दोन बोटं अपुरा निघाला. त्या दिवसापासून शेडमध्ये म्हणच पडली, शिवरामचा पाय लागला का? लागला असेल तर माल गाडीत चढायचा. दसऱ्याला मशीनवर झेंडू चढत तेव्हा नमदा कापणारी गोजरबाई एक फूल त्याच्या बुटावरही ठेवायची. शिवराम बौद्ध, तो फूल उचलून बाजूला ठेवायचा आणि म्हणायचा की असलं काही नको. पण तिने ठेवलं नसतं तर त्याला चुकल्यासारखं झालं असतं, हेही तितकंच खरं.

मागच्या दिवाळीला तबकडीची तार तुटली. मुंबईहून नवी आणतो असं शेठ म्हणाला. एकदा म्हणाला, दोनदा म्हणाला, आणि मग शिवरामच म्हणाला, "कशाला शेठ, मी आहे ना." शेठ हसला. म्हणाला, तुझा पैर बोलतो तर मशीन कशाला पायजे. तेव्हापासून रिपोर्टात शिवराम पायाच्या भरवशावर आकडा लिहू लागला. मे महिन्यातला लॉट तसा गेला, दोनशे जोड, थेट डोंगरावर. आणि आता जुलैचा.

त्या दिवशी दोन तास भरल्यावर दार उघडलं ते आनंदा नावाच्या माणसाने. आनंदा बदलापूरच्या कुळगावचा, या थंड खोलीचा राखणदार. शिवरामने त्याला सहज विचारल्यासारखं विचारलं, सकाळपासून आत कोण गेलं होतं.

"कोन नाय," आनंदा म्हणाला. "कुलूप माज्याकडं. का रं?"

"काही नाही," शिवराम म्हणाला. छप्पन साली बापाबरोबर दीक्षा घेतली तेव्हा तो सोळा वर्षांचा होता. भूतखेत मानायचं नाही, हे तेव्हापासून त्याच्या हाडीमाशी भिनलेलं. तो राहायचा त्या बुवापाड्यात कुणाच्या अंगात आलं की हाच माणूस पुढे होऊन चार शब्द सुनवायचा. आता तोच जाऊन आपल्याला पावलं दिसली असं कुणाला सांगणार? त्याने रिपोर्टात सतरा लिहिलं आणि सही केली.

सप्टेंबरात तिसरा लॉट तयार झाला. या वेळी आत जाताना त्याने आधी फरशी निरखून पाहिली. हिम कोरं होतं. पहिला तास कोराच गेला. फेऱ्या मारून तो भिंतीशी येऊन उभा राहिला, डोळे क्षणभर मिटले, उघडले.

या वेळी ठसे चालत आले नव्हते. त्याच्या बुटांपासून वीतभर अंतरावर दोन अनवाणी पावलं नुसती उभी होती, बोटं त्याच्याकडे करून. उजव्या पायाला अंगठा नव्हता. वर काही नव्हतं, नुसती हवा आणि मागे व्हॅनिलाच्या डब्यांची थप्पी. शिवराम बघत राहिला आणि त्याच्या देखत डावा ठसा किंचित खोल झाला. मग उजवा. मग परत डावा. गारठलेला माणूस जागच्या जागी या पायावरून त्या पायावर होतो, अगदी तसं.

शिवराम घाबरला. घोंगडी तोंडावर ओढून तो आनंदाची वाट बघत राहिला. त्या सगळ्या वेळात त्याला एक गोष्ट सुचली नाही, ती ही की आपल्या पायांना काय वाटतंय हे आपण पाहिलंच नाही. बाहेर आल्यावर आनंदाने आकडा विचारला तेव्हा तोंडातून सवयीने सोळा गेलं.

संध्याकाळी तो घरी आला, चपला दारात काढल्या, मोरीत जाऊन तोंड धुतलं आणि बाहेर येऊन बघतो तर दारापासून मोरीपर्यंत फरशीवर पावलं. लाल. एकाच पायाची.

थंड खोलीतला तो इथवर आला म्हणजे? त्याने आधी काय केलं असेल तर ठशातली बोटं मोजली. पाच होती.

"अहो, कुणाला लागलं?" सरस्वतीने चुलीपुढून विचारलं आणि मग तिचं लक्ष त्याच्या पायाकडे गेलं. तिने त्याला खाटेवर बसवून तळवा वर केला. टाचेत एक बारीक खिळा पार डोक्यापर्यंत रुतला होता. चपलेतून आरपार येऊन टाचेतच राहिलेला. बूट काढून चपला घातल्यापासून तो त्यावरच चालत होता, उल्हासनगरहून थेट घरापर्यंत.

"दुखत नाही?" सरस्वती म्हणाली.

"नाही," तो म्हणाला, आणि स्वतःचाच आवाज त्याला परका वाटला.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी त्याला डोळे मिटायला सांगितले. टोचलं की सांगा, म्हणाले. शिवराम डोळे मिटून बसून राहिला. बराच वेळ झाला तसा त्याने विचारलं, टोचताय ना? डॉक्टर म्हणाले, झालं टोचून. साखर होती, बरीच जुनी, आणि तिने पायांच्या नसा खाल्ल्या होत्या. डॉक्टरांनी पथ्य सांगितलं, गोळ्या लिहिल्या आणि लिहिता लिहिता विचारलं की हे कधीपासून आहे.

हा प्रश्न डॉक्टरांनी रोज दहा जणांना विचारला असेल. शिवराम मात्र त्या प्रश्नावर अडकून पडला. कधीपासून? उन्हाळ्यात डांबर वितळलं होतं तेव्हा त्याची चप्पल रस्त्याला चिकटून निघाली आणि तो तसाच चालत गेला, त्याचं त्याला कौतुक वाटलं होतं. म्हणजे मे महिन्यात पाय नव्हते. म्हणजे मेच्या लॉटला त्याने थंडी लागली नाही म्हणून पास केलं, आणि ऊब लागली का हे स्वतःला विचारलंच नाही.

रात्री त्याने सरस्वतीला सगळं सांगितलं, पावलांचंसुद्धा. पावलांचं तिने सोडून दिलं. लॉटचं मात्र तिने नीट ऐकून घेतलं. तिसरा लॉट शुक्रवारी गाडीत चढणार होता. बूट कदाचित चांगलेही असतील, तो म्हणाला, माल नेहमीचाच आहे. आणि सांगितलं तर आठ वर्षांचं नाव जाईल, कामही जाईल, या वयात कोण ठेवून घेणार.

"तुमच्या पायाला कळत नाही," सरस्वती म्हणाली, "पण ज्यांच्या पायात जातील त्यांना कळेल ना." आणि ती कूस बदलून झोपली. शिवराम जागा राहिला.

शुक्रवारी सकाळी ट्रक फाटकाशी लागला होता, निम्मा माल चढला होता. शेठ कागद चाळत होता. शिवराम समोर जाऊन उभा राहिला आणि म्हणाला, माल उतरवा.

"पागल झाला काय तू?" शेठ म्हणाला. "परवा तर सही केली ना?"

"केली शेठ. पण पाय मेलाय माझा. कधी मेला ते मलाच ठाऊक नाही."

त्याने खिळ्याचं सांगितलं, डॉक्टरच्या सुईचं सांगितलं. गोजरबाईची कातर थांबली. शेठचा चेहरा आधी तांबडा झाला आणि मग उतरला. तो वाईट माणूस नव्हता. पोर असताना फाळणीत सिंधमधून येऊन निर्वासितांच्या कॅम्पात, बराकीत वाढलेला, पायात काही नसताना खडीवर फिरलेला. त्याने ट्रकातून एक जोड ओढून काढला, हात आत घालून चाचपला, दाबला, वास घेतला. बूट दिसायला देखणा होता.

"मला पण समजत नाही, तुला पण समजत नाही," शेठ म्हणाला. "मग समजणार कोणाला?" असं म्हणून तो खुर्चीवर बसला आणि त्याने स्वतःच्या चपला काढल्या.

शेठचा पाय सात नंबरचा, म्हणून दोन मोजे चढवले. तासाभराने शिवराम आणि शेठ दोघं त्या थंड खोलीत गेले. आनंदाने बाहेरून दार लावलं. दोन तास ठरले होते. पंचवीस मिनिटांत दार आतून धडाधड वाजलं.

शेठ बाहेर उन्हात उलट्या क्रेटवर बसला. आनंदाने बूट ओढून काढले. बोटं मेणबत्तीसारखी पांढरी पडली होती. आनंदा ती चोळू लागला आणि शेठ दातांवर दात आपटत म्हणाला की ऊब नावाला नाही, पायात बर्फच भरल्यासारखा होता. मग त्याने आवाज खाली आणला.

"शिवराम, आत आपल्याबरोबर तिसरा कोण होता?"

"तुम्हाला दिसला?"

"दिसला नाय. पाय आपटत होता, थंडीत आपटतात तसा. मला वाटलं तू. पण तू तर माझ्यासमोर होता, हलला पण नाय."

आनंदाचे हात थांबले. आनंदा पुन्हा चोळू लागला, पण आता तो दाराकडे पाठ करून बसायला तयार नव्हता.

त्या दिवशी शेडमध्ये जोडच्या जोड फाडले गेले. नमदा रंगाने तोच, जाडीने तोच. फरक काय तो कुणालाच दिसेना. शेवटी गोजरबाई पुढे आली आणि अपराध्यासारखं बोलली. पूर्वी नमदा कापला की कोपरापर्यंत हात खाजायचे, रात्री तेल लावून झोपावं लागायचं. गुढीपाडव्यापासून खाज येईनाशी झाली होती.

"मना वाटला, हात बसला आता कामाला," ती म्हणाली. "खाज येत नाय म्हून कोन कंप्लेंट करतो? आणि शिवरामदादाचा पाय लागला होता ना."

लोकर नव्हतीच ती. वरून लोकरीचा पातळ पापुद्रा आणि आत चिंध्यांचा भुगा दाबलेला. नमदा पुरवणाऱ्याने पाडव्यापासून हा उद्योग केला होता. गोजरबाईने शिवरामच्या पायावर भरवसा ठेवला, शेठनेही त्याच्यावरच ठेवला आणि शिवरामनेही त्याच्यावरच. खाली तो पाय नव्हताच.

शेठने त्याच दिवशी दिल्लीला ट्रंक कॉल लावला. जुलैचा लॉट तिथल्या गोदामातच पडून होता, तो परत आला. मेचा लॉट मात्र वर डोंगरात होता. तो उतरवायचा तर आधी मजुरांना दुसरे बूट पोचवायला हवेत. खरी लोकर मिळवून नवे दोनशे जोड शिवेपर्यंत दिवाळी गेली. ते दिवस शेड सकाळी सहाला उघडायची. शेठने तबकडीची नवी तार आणली आणि दर लॉटला तो स्वतः दोन मोजे चढवून आत उभा राहायला लागला. शिवरामला त्याने काढलं नाही. नाड्या ओवायच्या टेबलावर बसवलं. शेडमध्ये त्याच्या पायाचं नाव पुन्हा कुणी काढलं नाही, आणि चिडवलं असतं तर बरं झालं असतं असं त्याला रोज वाटायचं.

फाल्गुनात डोंगरावरून मेच्या बुटांची पोती आली.

ते बूट फाडून त्यांचे तळ वेगळे काढायचे होते. शिवराम म्हणाला, फाडण्याआधी मी जोड लावतो. कुणी नाही म्हटलं नाही. त्याने पोती उघडली आणि मांडणीवर एकेक जोड ठेवायला सुरुवात केली. नवे असताना सगळे सारखे दिसणारे बूट आता एकमेकांसारखे राहिले नव्हते. कुणाची टाच बाहेरून झिजलेली, कुणाचा अंगठ्यापाशी फुगवटा. प्रत्येकात हात घालून तो आतलं बाहेर काढत होता, आणि प्रत्येकात काही ना काही होतंच. वाळलेलं गवत, हिंदी वर्तमानपत्राचे बोळे, पोत्याचे तुकडे, लुगड्याची फाडलेली पट्टी. एकात लहान मुलाची विणलेली टोपी निघाली, तळव्याच्या आकाराने चपटी झालेली. वर कुणीतरी थंडीशी जमेल तसं भांडत होतं, आणि ते भांडण शिवरामच्या सहीने सुरू झालं होतं. त्याला रडू आलं आणि त्याने ते लपवलं नाही. गोजरबाईने पाणी आणून ठेवलं.

दोन दिवसांनी मांडणी भरली. एकशे शहाण्णव जोड झाले. डोंगरावरच्या मुकादमाची चिठ्ठी होती, बाकी चार मिळाले नाहीत, एवढंच त्यात होतं. शेठने पुन्हा दिल्लीला विचारलं. मजूर काम सोडून गेले असतील असं व्यापारी म्हणाला. नावं त्याला ठाऊक नव्हती. मुकादम बदलला होता. शेठने फोन ठेवला आणि शिवरामकडे बघितलं, पण शिवराम मांडणीकडे बघत होता. खालच्या फळीवर त्याने चार जोडांची जागा सोडली होती, प्रत्येकाची वेगवेगळी, मधे बोटभर अंतर ठेवून.

सोमवारपासून फाडाफाडी सुरू झाली. मांडणी रिकामी होत गेली तशी शेडमधली माणसं तिच्यावर हाताला येईल ते ठेवू लागली. दोऱ्याची रिळं आली, कातडीची भेंडोळी आली. नमद्याचे नवे गठ्ठे आले. दुपारी गोजरबाई तळ चिकटवायच्या सोल्युशनचा डबा घेऊन आली आणि खालच्या फळीवर टेकवायला वाकली.

"तिथं नको ठेवू, गोजरबाई," शिवराम नाडी ओवता ओवता म्हणाला. "चौघं यायचेत अजून."

गोजरबाईने वाकूनच त्या रिकाम्या फळीकडे पाहिलं. मग तिने डबा परत कमरेवर घेतला आणि दाराजवळ नेऊन ठेवला.